कडक बुटांचे सदतीस दिवस

२७ डिसेंबर

"रोज जात असाल ना?" — म्हणे!

उल्मचे डॉक्टर व्हीलांड. दातांचे डॉक्टर. काल रात्री मुक्कामाला आले, आज नाश्त्याला खिडकीजवळच्या टेबलावर बसले. बाहेर उताराकडे बघत म्हणाले, "फ्राउ बुर्गल, तुमच्या आल्फोन्सरावांनी सांगितलं की तुम्हीसुद्धा कडक बुटांवर स्नोबोर्ड चालवता. मी गेल्या हिवाळ्यात सव्वीस दिवस गेलो, उल्महून गाडी हाणत! तुम्ही तर उताराच्या कुशीतच राहता. तुम्ही किती वेळा जाता? रोज जात असाल ना?"

माझ्या एका हातात अंड्यांची टोपली, दुसऱ्या हातात कॉफीची किटली. मी म्हटलं, जमेल तसं.

जमेल तसं! स्वयंपाकघरात आले आणि बोटांवर मोजलं. गेल्या हिवाळ्यात तीन. त्याच्या आधी दोन. त्याच्या आधी गुडघा दुखत होता म्हणून एक. तीन हिवाळ्यांत सहा सकाळी, आणि हा माणूस दात उपटता उपटता एका हिवाळ्यात सव्वीस! संताप संताप झाला. त्या बिचाऱ्यावर नाही, तो चांगला माणूस आहे, अंडं खाल्लं की कवच नीट बशीत ठेवतो. पण झाला.

डोंगरावर नेणारी खुर्च्यांची लिफ्ट सव्वाआठला सुरू होते. रात्री यंत्राने विंचरलेला बर्फ तोवर घट्ट झालेला असतो, बारीक रेघारेघांचा. त्यावर कडक बूट घालून बोर्डाची कड टेकवली की सुरीने लोणी कापल्यासारखी वळणं निघतात. साडेनऊपर्यंत. मग स्कीवाले येतात आणि सगळ्याचा चिवडा करतात. मऊ बूटवाल्या पोरांना काही फरक पडत नाही, ती चिवड्यातही नाचतात. आम्हाला तो एकच तास.

आणि आमच्या लेर्खेनहोफ हॉटेलात नाश्ता साडेसात ते दहा. एकवीस वर्षं.

ठरवलं. या हिवाळ्यात दहा सकाळी. दहा म्हणजे दहा. कोणाला सांगणार नाही, इथे लिहून ठेवते.

२८ डिसेंबर

अडतीस पाहुणे. उणे सात. आकाश निळंशार. माझ्या सकाळी: शून्य.

२ जानेवारी

आल्फोन्सला सांगितलंच शेवटी. न सांगून कशी जाणार? ताटल्या काय आपोआप उचलल्या जातात?

तो खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत होता. रोज आठला तो पाहुण्यांची मुलं गाडीतून खाली स्कीच्या शाळेत सोडतो, मग भाजी, दूध, पाव घेऊन दहापर्यंत परत येतो. मी म्हटलं, आल्फोन्स, मला या वर्षी दहा दिवस जायचंय. तो नाडीच बांधत राहिला. मग म्हणाला, "अगं, सीझन आहे. मी तरी कुठे जातो? माझी पाठ गेली तेव्हा मी सोडलंच ना. तुझ्यासाठी तर पास तुझ्या नावावर करून घेतला."

हे खरंय. लिफ्टचे भागीदार म्हणून घराला एक पास फुकट मिळतो. चार वर्षांपूर्वी त्याने तो माझ्या नावावर केला. "मला काय उपयोग, तू वापर." तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. तेव्हापासून तो पास स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला लटकतोय. बहुतेक वेळ लटकतोच.

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी ओठ आवळले. फिलोमेनाबाईंचे आवळलेले ओठ मी एकवीस वर्षं वाचतेय. त्याचा अर्थ: एक्कावन्न वर्षांची बाई, प्लास्टिकचे बूट, आणि नाश्ता कोण बघणार?

६ जानेवारी

तीन राजांचा सण. पोरं मुकुट घालून गाणी म्हणत दारात आली, दारावर खडूने अक्षरं लिहून गेली. घर पाहुण्यांनी फुटायला आलंय. संध्याकाळपर्यंत पाय सुजले. शून्य.

९ जानेवारी

एक!!

सणाची गर्दी ओसरली. सात पाहुणे. सासूबाईंना म्हटलं, आज मी जाते. त्यांनी मान हलवली, बस्स. आल्फोन्स म्हणाला, "जा, जा. मी आज भाजीला जात नाही, मुलं सोडून लगेच येतो." आणि खिडकीतून बाहेर बघत पुढे म्हणाला, "वर वारा असेल हं. आणि दुसऱ्या वळणाखाली बर्फाची काच आहे नुसती, जपून."

लिफ्टच्या गेटवर कामाला सेराफिन होता. आमच्या दोघांचा जुना दोस्त, पूर्वी आम्ही तिघं मिळून जायचो. मला बघून तो दचकलाच. "अगं, आज तू?" मी म्हटलं, का, मला बंदी आहे? तो हसला, पण कसंसंच. पास लावला, हिरवा दिवा लागला.

पहिल्या वळणाला पडले. दुसऱ्याला वाचले. तिसऱ्यापासून अंग आठवायला लागलं. गुडघे वाकवले, कड टेकली, बोर्ड वाकला आणि त्याने मला उचलून पुढच्या वळणात फेकलं. मांड्या पेटल्या. तोंडातून आपोआप आवाज निघाला, गाईसारखा. चार फेऱ्या. मागे वळून बघितलं तर माझी रेघ! बारीक, एकसंध, कुठे घसरण नाही. दुसऱ्या वळणाखाली खरंच काच होती, अगदी तो म्हणाला तशी. त्याला कसं कळलं कोण जाणे. सेराफिनने सांगितलं असेल.

घरी आले तर आल्फोन्स ताटल्या पुसत होता. तोंड एवढं पडलेलं. मला वाटलं पाठ दुखतेय. रात्री मलम चोळून दिलं.

१५ जानेवारी

लिहिताना कागद फाटतोय, इतकी चिडलेय.

उणे नऊ. वारा नाही. असा दिवस वर्षातून दोनदा येतो. काल रात्रीच बूट शेकोटीच्या भिंतीपाशी ठेवले होते, नेहमीच्या जागी. कडक बुटांचं प्लास्टिक गार झालं की दगड होतं, पाय आतच जात नाही. हे या घरातल्या मांजरालासुद्धा माहीत आहे.

सकाळी सातला बघते तर बूट नाहीत! इकडे शोध, तिकडे शोध. सापडले कुठे? बाहेर लाकडाच्या खोपटात! रात्रभर उणे नऊमध्ये! एकदा पाय घातला, घोट्याशी अडकला. जोर लावला, पोटरीत गोळा आला. बूट परत शेकोटीपाशी नेले, केस वाळवायचं यंत्र आणून आत गरम वारा सोडला, तरी ते उघडेनात. घड्याळात आठ. पाहुणे नाश्त्याला बसले, अंडी मागायला लागले. संपलं.

मी सासूबाईंवर ओरडले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. वास येतो म्हणून टाकलेत ना बाहेर? सरळ सांगायचं ना की जाऊ नकोस! हे चोरटे धंदे कशाला? त्या चुलीसमोर पाठमोऱ्या उभ्या. कणीक मळत होत्या. वळल्याही नाहीत. "माझ्या स्वयंपाकघरात ओरडायचं नाही," एवढंच.

कबुलीसुद्धा नाही! म्हातारीला लाज म्हणून नाही!

पास खिळ्याला परत टांगला आणि अंडी उकडायला घेतली. आल्फोन्स म्हणाला, "जाऊ दे गं, म्हातारी आहे ती." आणि गाडीची किल्ली घेऊन भाजीला गेला. त्याला तरी या बायकांच्या भांडणातून सुटका मिळाली.

१६ जानेवारी

सासूबाईंशी अबोला. बूट आता मी माझ्या पलंगाखाली ठेवते.

२२ जानेवारी

साडेनऊला कचरा टाकायला मागे गेले. कुंपणापलीकडे उताराची कड, तिथे स्कीवाले फारसे येत नाहीत. तिथे एक ताजी रेघ. कडक बुटांचीच! इतकी बारीक रेघ मऊ बुटांनी निघत नाही. वळणं खोल, लांबलचक, सुरेख. मी कचऱ्याची बादली हातात घेऊन वेड्यासारखी बघत उभी.

एकच खोड होती. पायाच्या पंजाच्या बाजूच्या प्रत्येक वळणात आतल्या अंगाला एक ओरखडा. म्हणजे पठ्ठ्या मागचा हात बर्फावर टेकवतो. आल्फोन्स तरुणपणी अस्साच करायचा, मी किती चिडवायचे त्याला. "म्हशीला चारा दाखवतोयस का?" म्हणायचे.

दहाला तो आला तेव्हा सांगितलं. तो पावाच्या पिशव्या उतरवत होता. "हात सगळेच टेकवतात," म्हणाला. तेही खरंच.

कोण असेल हा? ज्याला रोज सकाळी सव्वाआठला काही काम नाही असा कोण आहे या गावात? मला त्याचा हेवा वाटतो. हेवा कसला, रागच येतो.

३ फेब्रुवारी

दोन. वर ढग, खाली धुकं, बर्फ ओला. तीन फेऱ्या. काही खास नाही. पण दोन.

आल्फोन्स म्हणाला होता, "आज नको जाऊस, आज काही मजा नाही." मी हट्टाने गेले. खरंच मजा नव्हती. याच्या पाठीला हवामान कळतं बहुतेक.

१२ फेब्रुवारी

कार्निवल. सकाळपासून जर्दाळूचा मुरंबा भरलेले क्राप्फन तळतेय, एकशे चाळीस. केसांना, उशीला, सगळ्याला तेलाचा वास. पाहुणे माकडांचे मुखवटे घालून जेवायला आले.

डॉक्टर व्हीलांड परत आलेत. या खेपेला बायकोला घेऊन. या हिवाळ्यात त्यांचे एकोणीस झालेत! सांगताना लहान मुलासारखे खूश. मग म्हणाले, "इथे एक गृहस्थ आहेत, फार सुंदर चालवतात. रोज पहिल्या खुर्चीत. कोणाशी बोलत नाहीत, चेहरा झाकलेला. साडेनऊ वाजले की गायब. आज त्यांच्या मागून गेलो, काय वळणं हो! फक्त हात टेकवतात."

मी म्हटलं, मलाही बघायचंय त्या माणसाला.

"मग या ना उद्या!" म्हणाले. बायको लगेच म्हणाली, "अरे, त्या आल्या तर तुला अंडं कोण देणार?" दोघं हसले. मीही हसले. आत जाऊन भांडी इतकी जोरात आदळली की एका बशीचा टवका उडाला.

१३ फेब्रुवारी

शून्य.

१४ फेब्रुवारी

शून्य. आल्फोन्सने फुलं आणली. खालच्या दुकानातली, पिवळी. म्हणाला, दमतेस गं तू फार. त्याच्या नाकाचा शेंडा आणि गालांची हाडं भाजल्यासारखी तांबडी झालीत, डोळ्यांभोवती मात्र गोरा. गाडीतून मुलं चढवता-उतरवताना ऊन लागतं म्हणे. मी त्याच्या नाकाला क्रीम लावलं.

२७ फेब्रुवारी

तीन. तो कालचा. आणि आज चार! सलग दोन दिवस! काल लिहायला वेळ नव्हता. पाय बधिर, मन थंड. दहा होणार नाहीत हे कळतंय मला. पण गेल्या वर्षीपेक्षा एक जास्त. एवढ्याशावर खूश व्हायचं? मी काय भिकारीण आहे? उताराच्या काठावर राहते, लिफ्टच्या खांबासाठी आमच्या घराने जमीन दिली, आणि मी चार सकाळींवर खूश व्हायचं!

१६ मार्च

लिहिते. सगळं लिहिते. तासाभरापूर्वी घरी आलोय, आल्फोन्स खाली बसलाय, बसू दे.

आज आमच्या मंडळाचा हंगामाचा शेवट होता. कडक बुटांचं मंडळ, एकोणीस माणसं, लिफ्टच्या खालच्या खोपीत दर मार्चमध्ये जमतो. डुकराचं मांस, सुकी भाकरी, वाइन. आणि एक कप. ज्याने हिवाळ्यात सगळ्यात जास्त दिवस कडक बूट घातले त्याला. पूर्वी ज्याने त्याने आपापला आकडा सांगायचा, पण सगळे थापा मारायला लागले. म्हणून तीन वर्षांपासून आकडा पासावरून काढतात, लिफ्टच्या कचेरीतून. यंत्र खोटं बोलत नाही म्हणून!

अध्यक्ष आमचे मास्तर आहेत, शाळेतले. कागद घेऊन बाकावर चढले. तिसरा, चोवीस दिवस, टाळ्या. दुसरा, एकोणतीस, टाळ्या. मग चष्मा वर सरकवून म्हणाले, "आणि मंडळींनो, यंदा इतिहास घडलाय! डोक्यावर आख्खं हॉटेल, घरात अडतीस पाहुणे, तरी सदतीस दिवस! आपली नोटबुर्गा!"

मला तर सगळे बुर्गल म्हणतात, वाटलं दुसरी कोणी नोटबुर्गा असेल. मागे वळून बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. टाळ्या, बाकांवर मुठी आपटताहेत, कोणी शिट्टी वाजवली. डॉक्टर व्हीलांडसुद्धा आले होते खास, ते उभे राहून "सदतीस! सदतीस!" करत होते.

आणि मी आल्फोन्सकडे बघितलं.

तोही टाळ्या वाजवत होता. पण हात नुसते हलत होते, आवाज येत नव्हता. चेहरा पिठासारखा. शेजारी सेराफिन, बुटांकडे बघत.

एका क्षणात सगळं कळलं. एका क्षणात! काच. ओले दिवस. हात टेकवणारा. तांबडं नाक. दहापर्यंतची भाजी. सदतीस वजा चार, तेहतीस!

मास्तरांनी कप हातात दिला. "बोल गं काहीतरी, बुर्गल!" मी बाकावर चढले. म्हटलं, धन्यवाद. याचं सगळं श्रेय माझ्या नवऱ्याला. मी नाश्त्याला असताना सगळं त्यानेच केलं.

काय टाळ्या पडल्या! बायका त्याच्या पाठीवर थोपटायला लागल्या. "असा नवरा हवा बाई!" एक म्हणाली. त्या पाठीवर. गेलेल्या पाठीवर!

१७ मार्च

काल रात्रीचं आणि आज सकाळचं, जसं आठवेल तसं.

"एकदाच गेलो होतो गं. डिसेंबरात. मुलं सोडली, समोर उतार, कोणी नाही. पास खिशात होता."

खिशात कसा होता? माझा पास तुझ्या खिशात कसा होता?

त्याने टेबलावरचा पाव कुस्करला.

"दुसऱ्या दिवशी परत वाटलं. मग थांबताच येईना."

आणि पाठ?

"पाठ दोन वर्षांपूर्वीच बरी झाली."

दोन वर्षं! म्हणजे गेल्या हिवाळ्यातही! मी विचारलं, गेल्या वर्षी किती? तो म्हणाला, "मोजले नाहीत." मोजले नाहीत! मी तीन मोजत बसले होते आणि याला मोजायची गरज पडली नाही. मग गेल्या वर्षी कपाच्या वेळी पासावर ते दिवस कसे दिसले नाहीत? तर म्हणे गेल्या वर्षी सेराफिन गेट नुसतं उघडून द्यायचा, पास लावायचाच नाही. यंदा यंत्र नवीन आलं, पास लावल्याशिवाय गेट हलत नाही. सेराफिनला कपाची आठवण राहिली नाही, आणि हा तर रोज सकाळी वर बर्फ कसा आहे तेवढंच बघत होता.

बूट कुठे ठेवायचास? खाली बेकरीत. भट्टीजवळ. माझे बूट पलंगाखाली आणि याचे भट्टीच्या उबेत, पावाशेजारी! म्हणजे बेकरीवाल्याला माहीत. सेराफिनला माहीत. स्कीच्या शाळेतल्या पोरींना माहीत. सगळ्या गावाला माहीत, एक मी सोडून.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? आपण वाटून घेतलं असतं. एक दिवस तू, एक दिवस मी. एवढंच तर हवं होतं मला.

तो टेबलावरचे पावाचे चुरे गोळा करत होता. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तूही गेली असतीस."

मी दुसऱ्यांदा विचारलं, काय म्हणालास? त्याने परत तेच सांगितलं. हळू आवाजात. खोटं बोलायची शक्तीच उरली नसावी त्याच्यात.

एकवीस वर्षांच्या संसारातलं हे त्याचं सगळ्यात खरं वाक्य. मी कप उचलून फेकला. त्याला नाही, भिंतीला. कान वाकला.

१८ मार्च

आज सासूबाई.

दुपारी मी बटाटे सोलत होते, त्या समोर येऊन बसल्या. जानेवारीपासून आम्ही नमस्काराच्या पुढे बोललो नव्हतो. म्हणाल्या, "बूट मी नव्हते टाकले."

मी सुरी खाली ठेवली.

"पहाटे तो घेऊन गेला खोपटात. मी चूल पेटवत होते, बघितलं."

उणे नऊचा दिवस. वर्षातून दोनदा येणारा. त्याला तो स्वतःला हवा होता. माझे बूट गारठवले, मी हरून पास टांगला, आणि तोच पास खिशात घालून हा गेला. माझ्यासमोरून! "जाऊ दे गं, म्हातारी आहे ती" म्हणून!

मी म्हटलं, आई, मी तुमच्यावर ओरडले. तुम्ही गप्प का राहिलात?

"माझा मुलगा आहे तो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, स्वतः येऊन सांगेल. दोन महिने वाट बघितली. रोज साडेआठला चुलीसमोरच्या खिडकीतून उतारावर दिसायचा. तोंड झाकून! मुलाचं ढुंगण आईला ओळखता येत नाही होय?"

मला हसू आलं. राग असताना हसू आलं याचाही राग आला.

मग त्या म्हणाल्या, "खरं सांगू? दोन तास भाजीला लागतात म्हटल्यावर मला आधी वाटलं, बाई आहे. उतारावर दिसला तेव्हा मी मेणबत्ती लावली देवळात."

तुम्हाला बरं वाटलं, मी म्हटलं. मला बाई परवडली असती. ती नाश्त्याच्या वेळेलाच असली पाहिजे असं तर नव्हतं.

उरलेले बटाटे त्यांनी सोलले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बोटांनी, सगळे. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी सालींची बादली माझ्याकडे सरकवली, म्हणजे झालं.

२० मार्च

गेले. न विचारता गेले. आल्फोन्सला सांगितलं, नाश्ता तू बघ, आणि बूट घातले.

बर्फ उत्तम. उणे चार. उतारावर मी एकटी. आणि जमेना! तिसऱ्या वळणाला मांडी थरथरायला लागली. कड सुटली, घसरले, पडले. परत उठले, परत पडले. कुंपणाजवळ एक जुनी रेघ गोठून राहिली होती, त्याचीच, ओरखड्यासकट. खोल, भरभक्कम. तेहतीस सकाळींनी बांधलेल्या मांड्यांची रेघ. माझी तिच्याशेजारी कोंबडीने उकरल्यासारखी.

लग्नाआधी मी त्याच्याहून चांगली होते. सेराफिन साक्षीला आहे. आल्फोन्सलाही माहीत आहे. मग आता?

बर्फात बसून रडले. खुर्चीतून वर जाणाऱ्या एका बाईने ओरडून विचारलं, लागलं का? मी म्हटलं, हो.

खाली आले तर सेराफिन गेटपाशी टोपी हातात घेऊन उभा. "बुर्गल, मी..." मी म्हटलं, तुझी नोकरी जाईल असं काही मी करणार नाही. पण माझ्याशी बोलू नकोस. निदान उन्हाळ्यापर्यंत.

घरी आल्फोन्सने अंडी इतकी उकडली होती की पिवळं निळं पडलं होतं. पाहुणे मुकाट्याने खात होते.

२१ मार्च

आल्फोन्स म्हणतो, पुढच्या वर्षी नक्की वाटून घेऊ. लिहून देतो म्हणतो. एक दिवस तू, एक दिवस मी. मी विचारलं, आणि उणे नऊच्या दिवशी कोणाची पाळी? तो विचारात पडला. खरोखर विचारात पडला! तिथेच मला उत्तर मिळालं.

२२ मार्च

पाऊस. काही नाही. सासूबाई दोनदा म्हणाल्या, लिफ्टच्या कचेरीत जाऊन ये. कशाला ते सांगेनात. "कागद लागलाय दारावर, वाच," एवढंच.

२६ मार्च

सही करून आले. बर्फ विंचरायच्या यंत्रावर माणूस हवा होता, पहाटेच्या पाळीला, चार ते आठ. साहेबांनी विचारलं, ट्रॅक्टर चालवता येतो? म्हटलं, तीस वर्षं चालवतेय, चढावर आणि गवताने भरून. एक डिसेंबरपासून. आठला यंत्रावरून उतरायचं, सव्वाआठला पहिली खुर्ची.

संध्याकाळी जेवताना घरी सांगितलं. आल्फोन्सचा चमचा हवेतच. "अगं, पण मग नाश्ता कोण बघणार?"

सासूबाई म्हणाल्या, "तू."